आमच्या लॅबमधला कोतवाल

बिघाड दुरुस्त झाला की तो कसा दुरुस्त केला हे आम्ही विसरतो. पण तो शोधताना कोण काय बोललं, हे मात्र कुणीच विसरत नाही. त्यामुळे आमच्या संगणक क्लबात दुरुस्त्या कमी आणि किस्से जास्त जमले आहेत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की एक निघतो, त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि घंटा होते तेव्हा भाजी तशीच उरलेली असते. साक्षी मला म्हणाली, "तू बोलत न्हाईस ना, मग लिही तरी." म्हणून लिहिते आहे.

आधी माणसं सांगते. आमची शाळा पुण्याजवळ, मारुंजीच्या पुढे, रस्त्याला लागून. मुलाणी सर गणित शिकवतात आणि क्लबही तेच चालवतात. क्लबात नववीतले आम्ही तिघं, तीन वेगवेगळ्या तुकड्यांतले. साक्षी कासारसाईकडून येते आणि मनात येईल ते तोंडावर बोलते. ओंकारला कुठलीही गोष्ट विचारण्याआधीच माहीत असते, निदान त्याला तरी तसं वाटतं. मी बहुतेक वेळ दोघांच्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बघते.

आता मशीन. हिंजवडीतल्या एका कंपनीने त्यांचा जुना झालेला मोठा कॉम्प्युटर शाळेला दिला. सरांनी त्याच्या आत चार कॉम्प्युटर तयार केले. खोकं एकच, पण आत चौघं वेगवेगळे राहतात, आमच्याकडच्या भाड्याच्या खोल्यांसारखे. प्रत्येकाला एक नंबर आणि एक नाव. एक ग्रंथालय, त्यात शाळेतल्या पुस्तकांची यादी. एक प्रश्नमंजूषा. एक हवामान, त्यात आम्ही पावसाचे आकडे भरतो. आणि चौथा कोतवाल. गावात कोण कुठे राहतं हे जसं कोतवालाला माहीत असतं, तसं कुठल्या नावाचा नंबर कोणता हे या मशीनला माहीत असतं. बाकीच्यांना एकमेकांकडे जायचं असलं की ते आधी कोतवालाला विचारतात.

हे सगळं आमचं आमच्यात चालतं. शाळेच्या बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. आतल्या आत मात्र कोण कुणाला सापडेल, याचा भरवसा नव्हता!

* * *

पहिला किस्सा भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. शाळेतल्या प्रत्येक बाकावर, कपाटावर आणि खुर्चीवर ते पांढऱ्या रंगाने नंबर घालतात. एक दिवस ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन लॅबमध्ये आले.

"सर, तुमी रजिस्टरात चार कॉम्प्युटर लिवल्यात. दाखवा, नंबर घालतो."

सरांनी खोकं दाखवलं.

"हा एक झाला. बाकीचं तीन?"

"यातच आहेत."

भाऊसाहेबांनी खोक्याला फेरी मारली. मागे वाकून पाहिलं. "कुटं?"

"आत आहेत, भाऊसाहेब. दिसत नाहीत, पण चालू असतात."

"सर, उद्या तपासणीला सायब येणार. त्यांनी इचारलं तर मी काय सांगू? दिसत न्हाईत पण हायेत? आवो, देवाबद्दल सांगितलं तरी ते ऐकायचे न्हाईत."

मग सरांनी चारही मशीन स्क्रीनवर एकेक करून उघडून दाखवली. भाऊसाहेब प्रत्येकाकडे नीट बघत होते. शेवटी "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिलं, तर खोक्यावर एकाखाली एक असे चार नंबर होते, सगळे सारख्या उंचीचे. चौथ्याच्या खाली हातभर जागा मोकळी होती.

"ही कशाला सोडली?" ओंकारने विचारलं.

"सर म्हणालं, आजून एखादा वाढंल," भाऊसाहेब म्हणाले. "त्याचीबी सोय नको?"

* * *

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आजूबाजूला सोसायट्या वाढल्या तशी शाळेत मुलं वाढली, आणि आठवीच्या नव्या तुकडीला खोली हवी होती. मोठ्या बाई लॅबमध्ये आल्या, खिडकीपासून दारापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "इथे दोन ओळी सहज बसतील."

सर काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच अट सांगितली. पालक मेळाव्याच्या दिवशी वर्गातल्या कॉम्प्युटरवर एखाद्या पालकाने ग्रंथालयाचं नाव टाकलं, आणि हवं ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे त्याला दिसलं, तर खोली क्लबाची. नाहीतर सोमवारपासून बाकं येणार.

"नंबर टाकून आत्तासुद्धा दिसतं, बाई," सर म्हणाले.

"नंबर पाठ करून पुस्तक कोण शोधतं, सर? नावानं दिसलं पाहिजे."

खोली गेली असती तर खोकं माळ्यावर गेलं असतं आणि आम्ही तिघं आपापल्या तुकडीत. माझ्या तुकडीत मी हजेरीला "हजर" म्हणते, त्यानंतर घरी जाईपर्यंत फारसं काही बोलत नाही. लॅबमध्ये मात्र बोलते. थोडं बोलते, पण बोलते.

त्या दिवशी ओंकार नुसता खोक्याकडे बघत बसला होता. साक्षीने त्याला विचारलं, "तुला माहीत आसंल ना, आता काय करायचं?"

* * *

सगळ्यात आधी प्रश्नमंजूषेला ग्रंथालय सापडेना. तिला पुस्तकांवरचे प्रश्न काढायला ग्रंथालयाकडे जावं लागतं. ती जायची आणि हात हलवत परत यायची. ओंकार म्हणाला, ग्रंथालय मेलं.

सरांची एक पद्धत आहे. ते म्हणतात, आधी नंबराने हाक मारायची. नंबराने ओ दिली तर माणूस घरात आहे, फक्त आपल्याला त्याचं घर माहीत नाही. आम्ही नंबराने हाक मारली. ग्रंथालयाने लगेच ओ दिली!

"म्हणजे विचारण्यात घोळ आहे," सर म्हणाले. "ही विचारतेय कुणाला ते बघा."

बघितलं. प्रश्नमंजूषा कोतवालाला विचारतच नव्हती. ती थेट बाहेरच्या इंटरनेटवरच्या मोठ्या सर्व्हरला विचारत होती की आमचं ग्रंथालय कुठे आहे. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्याने सांगितलं, असं कुणी नाही.

सर हसायला लागले. "आपल्या आळीतलं घर विचारायला ही पुण्याला गेली होती."

साक्षी म्हणाली, "आन् पुण्याची माणसं सांगत्यात व्हय पत्ता?"

सर मूळचे पुण्याचेच. ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "चला, कामाला लागा."

* * *

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही खोल्या भाड्याने दिल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत अभिषेकदादा राहतो. तो हिंजवडीला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला विचारावं असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जाऊन परत यायची. ग्रंथालय अजून सापडलं नव्हतं तेव्हा एका सकाळी आईनेच पाहिलं.

"काय इचारायचंय ते मला सांग. मी इचारते."

मी सांगितलं. आईने खालूनच हाक मारली. "अभिषेक, आरं हिच्या शाळंतलं मशीन नंबरानं ओ देतंय आन् नावानं देत न्हाई. का रं?"

अभिषेकदादा लॅपटॉप हातात घेऊनच बाहेर आला. कानात हेडफोन होता, केस विस्कटलेले. "काकू, आमच्या ऑफिसातपण रात्रीपासून तेच झालंय. सगळं बंद आहे. वीस माणसं तेच शोधतायत."

आई म्हणाली, "आन् हितं शाळंत तीन पोरं आन् एक मास्तर शोधत्यात."

"हो ना."

"मग तुमाला पगार जादा कशाचा?"

अभिषेकदादा लॅपटॉप घेऊन परत आत गेला. पण संध्याकाळी त्याने स्वतःहून खाली येऊन मला विचारलं, "तुमचं सापडलं का? काय होतं?"

मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली. तो पायरीवर बसला, लॅपटॉप उघडला, आणि थोड्या वेळाने फोनवर कुणाला तरी म्हणाला, "अरे, आपलं मशीन बाहेर विचारतंय का ते बघ आधी." पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घरी आंबा बर्फी आली.

* * *

नंतर काही दिवस सगळं छान चाललं. मग सरांनी ग्रंथालयाचा नंबर बदलला आणि प्रश्नमंजूषेला दुसरा दिला. कोतवालाला तसं कळवलं. सगळीकडे बरोबर चाललं, फक्त हवामानाच्या मशीनवर नाही. तिथून ग्रंथालय म्हटलं की प्रश्नमंजूषा उघडायची! भूगोलाचं पुस्तक शोधावं, तर समोरून विचारणा व्हायची, "महाराष्ट्राची राजधानी कोणती?"

आम्ही कोतवालाला तपासलं. तो बरोबर सांगत होता. सरांनी हवामान बंद करून चालू केलं. परत राजधानीच.

मी ओंकारकडे बघत होते. ओंकार पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"ओंकार," सर म्हणाले, "तू या मशीनला काही शिकवलंयस का?"

मग ते बाहेर आलं. मागे एकदा कोतवाल चालत नव्हता, तेव्हा ओंकारने परस्पर हवामानाच्या मशीनमध्येच ग्रंथालयाचा नंबर लिहून ठेवला होता. मशीनची रीतच अशी आहे की त्याला स्वतःला नंबर माहीत असेल तर ते कोतवालाला विचारत नाही. नंबर जुना झाला तरी ते जुन्या घरीच जात होतं, आणि तिथे आता प्रश्नमंजूषा राहायला आली होती.

"विचारायचंच नाही का कुणाला?" सर मशीनवरच वैतागले. "स्वतःलाच सगळं माहीत असल्यासारखं वागायचं?"

"सर, त्याला का वरडताय?" साक्षी म्हणाली. "मशीन शिकवणाऱ्यावर गेलंय."

* * *

साक्षी मराठीच्या पुस्तकांची नावं ग्रंथालयात भरत होती. भरलेली पुस्तकं कधी दिसायची, कधी गायब व्हायची. सकाळी कथासंग्रह आहेत, दुपारी नाहीत, संध्याकाळी परत आहेत. साक्षीचा संशय ओंकारवर होता. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. ओंकार मला सांगायचा, "तिला सांग, मी हात पण लावला नाही." साक्षी मला सांगायची, "त्याला सांग, मी मूर्ख न्हाई." मी एकाच बाकावर मध्ये बसून दोघांचे निरोप पोचवत होते. त्या आठवड्यात मी वर्षभरात बोलले नसेन एवढं बोलले.

एकदा पुस्तकं गायब झाली तेव्हा मला दिसलं की ग्रंथालयाच्या पानावरचं घड्याळ मागे आहे. पुस्तकं परत आली तेव्हा घड्याळ बरोबर. मी आणखी दोनदा पाहिलं, मगच सरांना सांगितलं.

सरांनी कपाळावर हात मारला. सुट्टीच्या आधी त्यांनी ग्रंथालयाची एक नक्कल करून ठेवली होती, काही बिघडलं तर असावी म्हणून. ती नक्कल चुकून चालू राहिली होती, तिचं घड्याळ मागे पडलं होतं, आणि तिचंही नाव ग्रंथालयच! कोतवालाकडे एकाच नावाची दोन घरं. तो कधी या घरी पाठवायचा, कधी त्या घरी. साक्षीची पुस्तकं पहिल्या घरात होती. कुणी काही पुसलं नव्हतं.

सर बाहेर गेल्यावर साक्षी ओंकारसमोर उभी राहिली. माफी मागायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"तू पुसलं न्हाईस, हे कळलं मला."

"बरं," ओंकार म्हणाला.

"पण तू पुसू शकतोस, आसं आजूनबी वाटतंय."

* * *

मेळाव्याच्या आधी मोठ्या बाई स्वतः तपासायला आल्या. लॅबमध्ये नाव टाकलं, ग्रंथालय उघडलं. वर्गात जाऊन तेच नाव टाकलं, तर नाही. सर म्हणाले, "बाई, वर्गातून पूर्ण नाव टाकावं लागतं. ग्रंथालय, मग टिंब, मग शाळा."

"का?"

"लॅबमधले कॉम्प्युटर शेवटचा शाळा शब्द आपणहून जोडून घेतात. वर्गातल्यांना ते शिकवायचं राहिलंय. ते आडनावासारखं आहे, बाई."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, ग्रंथालय आपल्याच शाळेत आहे ना? मग घरच्या माणसाला आडनावाने कोण हाक मारतं?"

सरांनी त्याच दुपारी सगळ्या वर्गांतल्या कॉम्प्युटरना आडनाव जोडायला शिकवलं. मोठ्या बाईंनाही स्वतःचं म्हणणं पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांना नुसत्या नावाने हाक मारायला लागल्या. ओंकारची मोठी पंचाईत झाली. त्याच्या तुकडीत निम्म्या मुलांचं आडनाव तेच आहे, त्यामुळे इतके दिवस हाक आली की तो बाजूच्याकडे बघायचा.

* * *

आणि मग मेळावा.

आदल्या दिवशी सगळं चालू होतं. नावाने उघडत होतं, पुस्तकं दिसत होती. सर घरी जायला निघाले तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, हे आत्ताच चालू आहे. मग उद्या पाहुणे उद्घाटन कशाचं करणार?"

"ते फक्त बघतील, बाई."

"पाहुणे बोलावून फक्त बघायला सांगायचं? बंद करा. उद्या त्यांच्या हस्ते चालू करू."

सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि चारही मशीन बंद केली. मग त्यांनी कार्यक्रम आखला. आधी सरपंचताई कोतवाल चालू करतील, मग तात्या ग्रंथालय. हा क्रम महत्त्वाचा होता. प्रत्येक मशीन जागं झालं की कोतवालापुढे जाऊन सांगतं, मी आलो. कोतवाल नाव टिपून घेतो आणि मगच विचारणाऱ्याला त्याचा पत्ता देतो. कोतवालच झोपलेला असेल तर आलेला माणूस आला हे कुणालाच कळत नाही.

तात्या म्हणजे गावचे माजी सरपंच. शाळेची जागा त्यांच्या घरची. ते फेटा बांधून आले, बरोबर चार माणसं. लॅबमध्ये शिरले, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले आणि माऊस मुठीत धरला.

"जागा आमी दिली. पयलं बटन आमीच दाबणार. कुठलं दाबायचं?"

सर म्हणाले, "तात्या, तुमचं बटण ग्रंथालयाचं, पण त्याआधी..."

"हे हिरवं?" म्हणून तात्यांनी दाबलं.

सरपंचताई हसून म्हणाल्या, "असू द्या, सर. मी दुसरं दाबते." त्यांनी कोतवाल चालू केला. टाळ्या झाल्या. बाजूच्या वर्गात एका मुलाची आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिने एकेक अक्षर शोधून नाव टाकलं, आणि तिथून ओंकारचा आवाज आला, "सर, सापडत नाही म्हणतंय."

टाळ्या थांबल्या. मोठ्या बाई खिडकीपासून दारापर्यंत बघायला लागल्या. त्या बाकं मोजत होत्या, हे मला कळत होतं.

सरांनी माऊस घ्यायला हात पुढे केला. पण माऊस अजून तात्यांच्या मुठीत होता.

"काय झालं? माझं काय चुकलं?" तात्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "चुकलं नाही, तात्या, फक्त परत एकदा..."

"परत का? चुकलं नसंल तर परत का?"

तात्यांची माणसं पुढे सरकली. सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मी तात्यांच्या खुर्चीच्या मागेच उभी होते. मी बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोलले.

"तात्या, तुमचं न्हाई चुकलं. तुमी आलात तवा कोतवाल आला नव्हता. त्यानं तुमचं नावच घेतलं न्हाई."

तात्या खुर्चीतच मागे वळले. "नाव पुकारलंच न्हाई?"

"न्हाई."

"मंजे मी न बोलावता येऊन बसल्यागत झालं की."

मी मान हलवली. तात्यांनी माऊस सोडला. उठले, फेटा नीट केला आणि चालत दाराबाहेर गेले. चारही माणसं त्यांच्या मागे गेली. मोठ्या बाई घाईने म्हणाल्या, "तात्या, अहो थांबा, चहा..." सरांनी तेवढ्यात ग्रंथालय बंद करून घेतलं.

तात्या गेले नव्हते. ते उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते.

"पोरी, आता आलाय का कोतवाल?"

"आलाय, तात्या."

"मग पुकार की."

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. साक्षीने मला मागून ढकललं.

मी पुकारलं. गावचे माजी सरपंच, शाळेला जागा देणारे, आजचे पाहुणे, तात्यासाहेब. आवाज कुठून आला मला माहीत नाही, पण व्हरांड्यातली मुलं बोलायची थांबली आणि पलीकडच्या वर्गातून ओंकार धावत दारात आला.

तात्या आत आले. सगळे उठून उभे राहिले. ते खुर्चीत बसले, सरांनी बोटाने दाखवलं ते हिरवं बटण त्यांनी दाबलं, आणि आम्ही वाट पाहिली. पलीकडे त्या आईने परत एकेक अक्षर टाकलं. मग तिचाच आवाज आला, "आलं की! शेळीपालन, कपाट तिसरं, वरचा खण."

टाळ्या वाजत असताना तात्या खुर्ची फिरवून मोठ्या बाईंकडे वळले.

"बाई, ह्या खोलीत तुमी बाकं टाकणार हुता म्हणं?"

मोठ्या बाईंनी पदर नीट केला.

"कुठल्या खोलीत, तात्या?"